चौदा फुटी नावेचं पांघरूण

आर्णी रोडवरच्या ज्या ले-आउटमध्ये नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं सदाशिवराव पांढरीपांड्यांनी अंगणात नाव बांधली. तीही भर उन्हाळ्यात. लोक टँकरची वाट बघत गच्चीवरच्या टाक्या ठोकून बघत होते आणि हा निवृत्त माणूस मोबाइलवर व्हिडिओ लावून सागवानाच्या पट्ट्या वाकवत बसला होता. येणारे-जाणारे फाटकाशी थांबायचे. "काका, नाव तं झाली, आता समुद्र कवा आणता?" असं कोणी विचारलं, की सदाशिवराव हातातला रंधा खाली न ठेवता सांगायचे, "ऑर्डर देऊन ठेवली आहे."

समुद्र नव्हता, पण बेंबळा धरण होतं. सदाशिवरावांनी पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर म्हणून सारी नोकरी कालवे मोजण्यात घालवली होती. त्या काळापासून बाभूळगावकडचे देवराव त्यांच्या ओळखीचे, मच्छीमार सोसायटीतले. "पाऊस सरू द्या साहेब, दसऱ्याले उतरवू तुमची नाव," असा शब्द देवरावांनी दिला होता. म्हणजे पावसाळाभर नाव अंगणात, उघड्यावर राहणार. घरात न्यावी तर दार लहान, शेड घालावी तर जागा नाही. झाकायला चांगलं काहीतरी हवं, एवढाच काय तो प्रश्न होता.

गावात पाणीकपात असली तरी सल्ल्यांची कपात कधीच नव्हती. कापसाच्या गाडीवर टाकतात ती जाड ताडपत्री घ्या, असं समोरच्यांनी सांगितलं. शेजाऱ्यांच्या मते शेततळ्याचा काळा कागद उत्तम. "अहो, तो पाणी आत धरून ठेवायला असतो," सदाशिवराव म्हणाले, तर शेजारी म्हणाले, "मग उलटा टाका." कोणीतरी निवडणुकीतला जुना फ्लेक्स आणून दिला. तो पसरला तेव्हा हात जोडलेला उमेदवार नावेत उताणा झोपल्यासारखा दिसायला लागला, आणि सदाशिवरावांच्या पत्नी कुंदाताई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

शेवटी निकाल त्यांनीच लावला. कुंदाताई राळेगावकडच्या शेतकऱ्याच्या लेक. नवऱ्यानं ऑफिसात जन्म काढला तरी त्यांची बोली काही बदलली नव्हती. "निळी ताडपत्री आणा साधी. सोयाबीनची गंजी झाकतात ना, तशी झाकू. कडा आत मारायच्या, वरून दोर, खाली दगड. वारा शिरला नाई पायजे."

आणि झाकलीही तशीच. पदर खोचून, दोन्ही बाजूंनी फिरून, दोर दातात धरून. नावेचं पार गाठोडं झालं. सदाशिवरावांनी फोटो काढून देवरावांना पाठवला. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला.

"गच्च नका बांधू साहेब. मागचं तोंड जरासं मोकळं ठेवत जा."

"काहून? पाणी शिरेल ना."

"शिरू द्या." देवराव म्हणाले. "आमच्याकडे मोकळंच ठेवतात. जाणाऱ्याले जाता आलं पायजे."

"कोण जाणार आहे?"

"वारा, साहेब," देवराव हसून म्हणाले, आणि लगेच झिंग्यांवर बोलायला लागले.

सदाशिवरावांनी बायकोला हे सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मासोळ्या धरणाऱ्याले गंजी झाकणं काय समजते?" विषय तिथंच मिटला.

जुलै संपता संपता नावेचं शेपूट ताडपत्रीच्या बाहेर दिसायला लागलं. आधी बोटभर, मग वीतभर. दोर जागच्या जागी होता, दगडही हलले नव्हते. प्लॅस्टिक आहे, ऊन-पाऊस खाऊन आटलं असेल, असं सदाशिवरावांनी ठरवलं. स्वस्तात मस्त करायला गेलं की असंच होतं, आता शिवून घेऊ. मग ते बबलूकडे गेले. बबलूचं दुकान म्हणजे ट्रकचे हूड, ट्रॅक्टरच्या गाद्या, मोटरसायकलची सीट कव्हरं, आणि या सगळ्याच्या मधे मशीनवर बसून अखंड बोलणारा बबलू.

"नावेचा हूड?" बबलूनं मशीन थांबवलं. "काका, साऱ्या जिल्ह्यात हे काम मीच पहिल्यांदा करून राह्यलो. फोटो लावतो मी दुकानात. कापड मात्र मेणकापडच घ्या. प्लॅस्टिक लाकडाले घाम आणते, हे कापड कसं, पाणी बाहेर अन् वाफ मोकळी. मधे एक आडवा बांबू द्या म्हणजे पाणी साचणार नाई. माप सांगा."

"लांबी चौदा फूट." सदाशिवरावांनी कागद पुढे केला. नाव त्यांनी स्वतः बांधली होती. चौदा फूट हे त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ होतं.

हूड आला तो देखणा होता. हिरवा, कडेला पितळी डोळे, त्यांतून ओवलेला दोर. सगळे मिळून चढवायला गेले आणि मागं वीतभर शेपूट उघडं राहिलं. बबलूनं ओढून पाहिलं, सदाशिवरावांनी ओढून पाहिलं. मग बबलूनं हूड अंगणात पसरला आणि फीत लावली. चौदा फूट, वर शिवणीचं सोडलेलं वेगळं.

"हूड बरोबर हाय," बबलू म्हणाला. "माप तुमीच देल्लं ना काका? चष्म्याचा नंबर एकदा पाहून घ्या."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, तो सगळ्यांशीच असा बोलायचा. पण सदाशिवरावांना ते लागलं. त्यांनी पाऊस लागून लाकूड फुगतं वगैरे काहीतरी सांगितलं. मात्र सागवान वीतभर फुगत नाही, हे त्या अंगणात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिकडे कुंदाताईंनी चहातली साखर सोडली. नावेचं नाक आणि धुण्याचा दगड यांच्यामधून त्या बादली घेऊन मोरीकडे जायच्या. उन्हाळ्यात सरळ चालत जायच्या, आता त्यांना अंग तिरपं करावं लागत होतं. "जाड झाली मी," त्यांनी जाहीर केलं. सकाळी मैदानावर चालायला जायला लागल्या, रात्रीचा भात बंद केला. नवऱ्यानं यावरून भरपूर चेष्टा करून घेतली. मग एक दिवस कोणी बघत नाही असं पाहून सदाशिवराव स्वतः त्या फटीतून गेले. तेही अडकले.

त्याच दुपारी त्यांनी हूड उचलून आत पाहिलं. कालव्याला पहिलं पाणी सोडल्यावर येतो तसा थंड, चिखलाचा वास आला. आतल्या साऱ्या लाकडावर बारीक थेंब जमले होते. बाजूच्या फळ्या, तळ, पुढचं बाक, सगळं ओलं. मागच्या बाकावर मात्र मधोमध ताटाएवढी जागा कोरडी खडखडीत होती. हात लावला तर किंचित ऊबही होती. वाफ कोंडली की असं होतं, असं म्हणून त्यांनी ती जागा सोडून बाकीचं सगळं फडक्यानं पुसून काढलं. आता सगळंच कोरडं झालं, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांना जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नावेच्या नाकाखाली फरशीवर खडूनं एक रेघ मारली. चार-पाच दिवस पाऊस नव्हता. मग पाहिलं तर रेघ नावेच्या पोटाखाली, हातभर आत गेली होती. सदाशिवराव उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदा त्यांना आनंद झाला, कारण म्हणजे आपलं माप चुकलेलं नव्हतं. मग वाटलं, रेघ आपण नेमकी कुठं मारली होती? नाकाखालीच मारली होती, हे कशावरून? ते कोणाला विचारणार? त्यांनी चपलेनं ती रेघ पुसून टाकली.

कारण भीती नावेची नव्हतीच, दुसरीच होती. त्यांच्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. हिशेबी, चोख माणूस. आधी किल्ल्या विसरले, मग मित्रांची नावं, मग एक दिवस स्वतःच्याच फाटकाशी उभं राहून, इथं कोण राहतं, असं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. शेवटची दोन वर्षं त्यांनी मुलाच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून काढली. सदाशिवराव भेटायला गेले, की ते खूप आदरानं म्हणायचे, "या, बसा. आपण कोणाकडे आलात?"

हे सगळं पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, चारुदत्तालाही ठाऊक होतं. पहिला हूड आखूड आला तेव्हा मुलगा व्हिडिओ कॉलवर पोट धरून हसला होता. "बाबा, तुम्ही आणि मापात चूक?" मग सदाशिवरावांनी पुन्हा मोजून वाढीव माप दिलं आणि बबलूनं पुढं जोडायला वेगळा तुकडा शिवून आणला. तोही लावून हूड आखूड पडला. तेव्हा चारुदत्त हसला नाही. आईशी बराच वेळ बोलला. कुंदाताई आतल्या खोलीत हळू आवाजात बोलत होत्या. हळू आवाज त्यांना मुळी जमायचाच नाही, पण त्या दिवशी जमला.

"महालक्ष्म्यांना येतो आहे मी," चारुदत्त म्हणाला. "बाबा, रागावू नका. दिवाळीनंतर हे घर भाड्यानं देऊ. नाव कोणाला तरी देऊन टाकू. तुम्ही दोघं इकडं या. चांगले डॉक्टर आहेत, दाखवून तरी घेऊ."

"मी चुकलो असेन तर येईन," सदाशिवराव म्हणाले. "कुरकुर करणार नाही. पण माप तू घ्यायचं, तुझ्या हातानं. चौदा निघालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," चारुदत्त म्हणाला. त्याच्या आवाजातली कणव सदाशिवरावांना नीट ऐकू आली.

चारुदत्त आला. महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, सोळा भाज्या आणि आंबील झाली, घरात गोंड्याच्या फुलांचा वास भरून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. बबलू मोटरसायकलवर दोन गाठोडी बांधून आला. एक मूळचा चौदा फुटी हूड, दुसरा वाढीव तुकडा. "जे माप निघन ते," तो म्हणाला. "आज लावूनच जातो. दुकानात फोटोची जागा रिकामी ठेवली हाय मी." कुंदाताईंनी आतून ओरडून सांगितलं, "आधी काम, मग पुरणपोळी, नाई तं हलणार नाई हा इथून."

नावेचं शेपूट कंपाउंडच्या भिंतीपाशी कोपऱ्यात होतं, तिथं जेमतेम माणूस मावायचा. बबलूनं हूड मागून अर्ध्या नावेवर चढवला, पुढचा भाग उघडा ठेवला. सदाशिवराव फितीची डबी घेऊन नाकाशी उभे राहिले. चारुदत्तानं फितीचं टोक धरलं, कापडाखालून नावेच्या पोटातून मागपर्यंत सरकवत नेलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात दिसेनासा झाला.

सदाशिवरावांनी डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली. एक आकडा, आणि त्यावर हे अंगण राहणार की जाणार. कुठल्यातरी बाराव्या मजल्यावर खिडकीशी बसलेला म्हातारा त्यांना आतापासूनच दिसायला लागला होता, आणि त्याचा चेहरा भावाचा नव्हता.

"धरलं का रे?" त्यांनी हाक मारली.

उत्तर आलं नाही. पण पलीकडून फीत ताणली गेली. चांगली ताणली गेली, कुठंही झोल नाही. लहानपणी कालव्यावर नेऊन शिकवलं होतं ते पोरगा विसरला नाही, असं सदाशिवरावांच्या मनात आलं.

"धरलं दादानं," बबलू बाजूनं वाकून म्हणाला. "बोटं दिसून राह्यले मले."

सदाशिवरावांनी चष्मा वर केला, खाली केला, आकड्यावर अंगठा ठेवला. मग बबलूला म्हणाले, "तूच वाच."

"चौदा," बबलूनं वाचलं. पुन्हा वाकून वाचलं. "चौदा हाय काका. पुरे चौदा. अरे तेच्या मायले, मग त्या दिवशी काय झालं होतं?"

सदाशिवरावांनी डबीचा खटका लावून आकडा पक्का केला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. बबलूनं मूळचा हूड पुढं ओढला. तो नाकापर्यंत आला, नाकावरून खाली उतरला आणि शिवून अंगावर चढवलेल्या सदऱ्यासारखा बसला. वाढीव तुकड्याची गरजच उरली नाही. बबलूनं दोर ओढला, गाठी मारल्या, चारी बाजूंनी फिरून गच्च आवळला. मोबाइलवर फोटो काढले. मग स्वतः नावेला टेकून उभा राहिला आणि सदाशिवरावांना आणखी एक काढायला लावला.

कुंदाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "झालं? किती निघालं?"

"चौदा, काकू. काकाचंच बरोबर."

"म्हटलं नव्हतं मी?" त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं, पण चेहरा असा उजळला की सदाशिवरावांनी ते माफ करून टाकलं. "चला मग. चारू नाई आला का अजून?"

"चारू?"

"त्याले तं कवाचंच दही आणाले धाडलं मी. मठ्ठ्याले दही पुरत नव्हतं. मागं कोपऱ्यात उभा दिसला, खिडकीतूनच डबा देल्ला, घराच्या मागूनच गेला तो. म्हटलं, तुमचं माप आल्यावर घ्या."

सदाशिवरावांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. भिंत, शेवाळ, ऊन. कोपऱ्यात कोणीच नव्हतं.

फाटक वाजलं. चारुदत्त दह्याचा डबा घेऊन आत आला, घाम पुसत. "चौकापर्यंत जावं लागलं. सॉरी बाबा, आईनं पळवलं. चला, घेऊ आता माप."

बबलू तोवर नळाशी हात धुवायला गेला होता. कुंदाताई डबा उघडून दही नीट लागलंय का ते बघत होत्या. चारुदत्त बापाकडे बघत होता. त्याच्या नजरेत प्रेम होतं, काळजी होती, आणि फोनवर ऐकू आलेली ती कणवही होती. कोणीतरी माप धरलं होतं, पण ते कोण ते मला माहीत नाही, एवढं वाक्य सदाशिवरावांच्या ओठावर आलं. ते वाक्य या मुलाला कसं ऐकू जाईल, तेही त्यांना कळत होतं.

"घेतलं आम्ही," ते म्हणाले. "चौदा भरलं. बबलूनंच वाचलं."

"चौदा हाय दादा," नळाशी पाठमोरा बबलू ओरडला.

चारुदत्तानं हुडावरून हात फिरवला, कडा तपासल्या, शेपटापर्यंत जाऊन आला. कुठं सुरकुती नव्हती. मग तो मोकळा हसला, कित्येक दिवसांनी. "जिंकलात बाबा. राहा इथंच. दसऱ्याला मीही येतो, पहिली फेरी मला हवी."

कुंदाताईंनी साडीच्या पदरानं डोळे टिपले आणि लगेच सगळ्यांवर डाफरल्या, पोळ्या गार होतात म्हणून. आणि आपण आता पुन्हा साखरेचा चहा पिणार आहोत, हेही जाहीर केलं. सगळे हसत आत गेले. आतून ताटांचा आवाज आला, बबलूचा आवाज आला, तो जिल्ह्यातल्या पहिल्या नावेच्या हुडाबद्दल सांगत होता.

सदाशिवराव फीत गुंडाळायला मागं राहिले. डबी अजून त्यांच्या हातातच होती आणि फीत हुडाच्या कडेखालून नावेच्या पोटात गेलेली होती. त्यांनी अंगठ्यानं खटका सोडला. खटका सोडला की फीत सपकन आत येते, बोटं सांभाळावी लागतात.

फीत आली नाही.

त्यांनी हलकेच ओढली. पलीकडून तेवढीच ओढली गेली.

जोर नव्हता त्यात. काम करताना फीत लोंबू नये म्हणून धरतात, तितकंच.

"अहो, येता ना?" कुंदाताईंनी आतून विचारलं.

"आलोच," सदाशिवराव म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला. जन्माची सवय, त्यांनीही आपलं टोक ताणून धरलं होतं.

हूड चारी बाजूंनी गच्च आवळलेला होता, देवरावांनी ठेवायला सांगितलेलं मागचं मोकळं तोंड कुठंच नव्हतं. मग फीत डबीत शिरायला लागली. सावकाश, इंचाइंचानं. चौदाचा आकडा आत गेला, तेराचा गेला. कुठंही ती सैल पडली नाही. पलीकडचं टोक कोणीतरी नीट धरून ठेवलं होतं, आणि आकडा कमी होत होता.